संपादक सहमत असतीलच असे नाही

जिल्हा दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात, एक ओळ असते. हे पत्र अमुक मालकाने, अमुक प्रकाशकाने, अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले. अंकातील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही. वाद उद्भवल्यास न्यायक्षेत्र नांदेड. ही ओळ कोणी वाचत नाही. मी उपसंपादक होतो तेव्हा मीही वाचत नव्हतो. जागा कमी पडली की तीच आधी आकसायची.

या ओळीचे तीन तुकडे आहेत. पहिला तुकडा मालकाची हौस नव्हे. १८६७ च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्याने तो सक्तीचा केला, कारण १८५७ च्या धक्क्यातून सावरलेल्या सरकारला छापील प्रत्येक कागदामागचा माणूस सापडायला हवा होता. हा कायदा दीडशे वर्षांहून जास्त टिकला आणि १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा नोंदणी कायदा आला. तिसरा तुकडा भाबडा आहे. अंक जिथे वाचला गेला तिथेही बदनामीची फिर्याद होऊ शकते, मग शेवटच्या पानावर नांदेड लिहा नाहीतर काशी. मधला तुकडा मात्र निव्वळ निरुपयोगी. संपादक सहमत नसला तरी जबाबदार असतो. जबाबदारी ‘हे छापायचे’ या निवडीतून येते, मताशी तिचा संबंध नाही.

पत्रकारितेच्या वर्गात हे सांगत होतो तेव्हा मुदखेडहून सकाळच्या गाडीने येणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून उठला. मुदखेड हे नांदेडच्या पुढचे जंक्शन. सिकंदराबादकडे जाणारा जुना निजामी मार्ग आणि भोकर-किनवटवरून आदिलाबादला जाणारा फाटा इथे वेगळे होतात. हा मुलगा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. वार्ताहर म्हणजे काय, हे तालुक्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. नेमणुकीचे पत्र नाही, पगार नाही, असलेच तर किरकोळ मानधन. वाढदिवसाच्या आणि दिवाळीच्या जाहिराती आणायच्या, त्यावर कमिशन घ्यायचे, जमल्यास अंकाची एजन्सीही चालवायची. सरकारी अधिस्वीकृती पत्र तर दूरच. खिशात दैनिकाचे ओळखपत्र, तेही लॅमिनेशन सुटलेले.

त्याने रेशन दुकानाची बातमी दिली होती आणि त्याला वकिलाची नोटीस आली होती. ‘माझे पक्षकार यांनी दिलेल्या माहिती व सूचनेवरून’ अशी सुरुवात, शेवटी सात दिवसांत जाहीर माफी आणि काही लाखांची भरपाई. त्याने विचारले, “सर, पत्रकार म्हणून आपल्याला काही वेगळं संरक्षण हाय का नाही?”

मी म्हणालो, नाही. आणि हे मी ठरवलेले नाही. आधी संपादक असलेल्या आणि पुढे कायद्याचा प्राध्यापक झालेल्या एका माणसाने हे १९४८ साली दिल्लीत उभे राहून सांगितले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ओळख आपल्याकडे इतक्या अंगांनी होते की पत्रकारितेतून कायद्याच्या वर्गाकडे गेलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. ‘माध्यम कायदा’ हे नावच त्या काळी नव्हते. आज पत्रकारितेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात त्याचा एक पेपर असतो, विद्यार्थी तो शेवटच्या आठवड्यात पाठ करतात, आणि पाठ केलेल्या कलमांपैकी निम्म्यांमागे या माणसाचा हात, आवाज किंवा वकीलपत्र आहे याचा त्यांना पत्ता नसतो.

‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकरीत. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. शेवटच्या पानावरची ओळ आणि प्रत्यक्ष लिहिणारा हात यांतले अंतर आंबेडकरांनी असे पहिल्याच अंकापासून अनुभवले. या पाक्षिकाची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ करूनही छापली नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. ही नकाराची गोष्ट लक्षात ठेवावी. मला वाटते, अठ्ठावीस वर्षांनंतर ती दिल्लीत निराळ्या रूपात वर आली.

मग लंडन, १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ मध्ये परत मुंबई आणि हायकोर्टाची सनद. पक्षकार फारसे येत नव्हते. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. संसार चालवायला शिकवणी, चळवळीला वृत्तपत्र, आणि मधल्या वेळात कोर्ट. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले, या वेळी संपादक म्हणून स्वतःच्या नावाने. रकानेच्या रकाने एकट्याने भरायचे. जून १९२८ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले, तेव्हा हे पाक्षिक चालूच होते. म्हणजे काही महिने एकच माणूस सकाळी प्रुफे तपासत होता आणि नंतर कायदा शिकवत होता.

कोर्टातली त्यांची दोन प्रकरणे माध्यम कायद्याच्या विद्यार्थ्याने मुळातून समजून घ्यावीत. एक जिंकलेले, एक हरलेले.

जिंकलेले आधी. दिनकरराव जवळकरांनी १९२५ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर त्यात जहाल, आजच्या वाचकालाही दचकवील अशी टीका होती. केशवराव जेधे आणि जवळकरांसह चौघांवर बदनामीचा खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली. १९२६ च्या अपिलात पुण्याच्या सत्र न्यायालयात आंबेडकर उभे राहिले. पुस्तकातली भाषा सभ्य आहे की नाही, या वादात ते अडकले नाहीत. बदनामीच्या कलमात मृत माणसाची बदनामीही येते, पण ती त्याच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावणारी असायला हवी. फिर्याद करणारा मृताचा तसा जवळचा नातलग आहे का? हा प्रश्न कळीचा ठरला आणि सगळे सुटले. आपल्याकडे महापुरुषांच्या बदनामीवरून दर आठवड्याला कुठेतरी मोर्चा निघतो. भावना कोणाच्या दुखावल्या आणि कायद्याच्या नजरेत तक्रार करायचा हक्क कोणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या अपिलाने शंभर वर्षांपूर्वी दाखवले.

हरलेले प्रकरण मला जास्त मोलाचे वाटते. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, वाचकांच्या खासगी प्रश्नांना सरळ उत्तरे. १९३१ मध्ये एकदा त्यांना दंड झालाच होता. १९३४ मध्ये अश्लीलतेच्या कलमाखाली पुन्हा खटला उभा राहिला, या वेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. वकीलपत्र घेतले आंबेडकरांनी. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लिखाण अश्लील ठरत नाही, वाचकाला शंका आहे तर तिचे उत्तर द्यायला हवे, अशी त्यांची मांडणी होती. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. खालच्या कोर्टातली हार; कायद्याच्या ग्रंथांत तिला ओळभरही जागा नाही.

पण त्या युक्तिवादाचे पुढे काय झाले ते पाहा. तेव्हाची कसोटी १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्यातून आलेली होती: ज्याचे मन लगेच बिघडेल अशा दुबळ्यातल्या दुबळ्या वाचकावर काय परिणाम होईल, हे बघायचे. ही कसोटी भारतात फार काळ रेंगाळली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली लघुकादंबरी अश्लील ठरली होती, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने हिक्लिनला निरोप दिला आणि समकालीन समाजाची नजर ही कसोटी धरली. आणि पुढच्याच वर्षी, १४ मे २०१५ ला, या कसोटीला एक गाठ पडली. ती गाठ आमच्या मराठवाड्यातली आहे.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका पत्रिकेत छापली गेली. पत्रिका सभासदांपुरती. तक्रार झाली पुण्यात, पण गुन्हा लातूरच्या गांधी चौक पोलिस ठाण्यात वर्ग झाला. कवितेचे नाव आणि ठाण्याचे नाव यांची गाठ पडावी, हे कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकाने लाल शाईने खोडले असते. वीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने देविदास तुळजापूरकर प्रकरणात निकाल दिला. पुढच्या अंकात माफी मागणारा प्रकाशक सुटला. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, असे सांगितले. इतिहासात आदर मिळवलेल्या व्यक्तीचे नाव वापरले तर समाजाच्या नजरेची कसोटी अधिक कडक होते, असे न्यायालयाचे म्हणणे. मला हा निकाल पटत नाही. ‘देशाचे दुश्मन’च्या अपिलात महापुरुषांसाठी वेगळी फूटपट्टी लागली नव्हती. १९२६ मध्ये जी मोकळीक पुण्याच्या सत्र न्यायाधीशाने दिली, ती २०१५ मध्ये अरुंद झाली. कायदा नेहमी पुढेच जातो असे समजणाऱ्यांनी ही दोन वर्षे शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

१ जून १९३५ रोजी आंबेडकर गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि न्यायशास्त्राच्या ‘पेरी’ अध्यासनाचे प्राध्यापकही. १९३८ पर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. १९३० मध्ये सुरू झालेले त्यांचे ‘जनता’ हे पत्र तोवर सहकाऱ्यांच्या हाती गेले होते. या काळात कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायदे-शिक्षणाच्या सुधारणेवर एक लेख लिहिला. नुसती कलमे घोकून वकील होत नाही, त्याला कायद्याच्या शेजारच्या विद्याही यायला हव्यात, हा त्याचा रोख. त्यांची वर्गासाठीची टिपणे पुढे त्यांच्या समग्र साहित्यात छापली गेली. पुराव्याचा कायदा, फौजदारी प्रक्रिया, मुदतीचा कायदा असे रुक्ष विषय आहेत. ‘मूकनायक’मधला धगधगता गद्यकार इथे ओळखू येत नाही. मुदतीचा कायदा म्हणजे दावा किती वर्षांत लावायचा, एवढेच. पण वार्ताहराच्या आयुष्यात तोच कधी कधी सगळ्यात उपयोगी पडतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता दिल्ली. ४ नोव्हेंबर १९४८ ला राज्यघटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी टीकाकारांना अमेरिकेचा गिटलो खटला ऐकवला. अमेरिकेतही अभिव्यक्तीचा हक्क अमर्याद नाही, तिथे बंधने न्यायालयाने घातली, आपण ती घटनेतच लिहीत आहोत, एवढाच फरक. न्यायशास्त्राच्या प्राध्यापकाचे ते भाषण आहे, खटल्याचे नाव-गाव सांगून केलेले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत अभिव्यक्तीच्या कलमावर चर्चा झाली. क. मा. मुन्शींच्या दुरुस्तीने बंधनांच्या यादीतून राजद्रोहाचा शब्द गळला. ज्या कलमाखाली टिळक १८९७ आणि १९०८ मध्ये तुरुंगात गेले, त्याला घटनेत जागा उरली नाही. दंडसंहितेत मात्र ते राहिले. के. टी. शहांचा आग्रह होता की वृत्तपत्रस्वातंत्र्याचा उल्लेख स्वतंत्रपणे, नाव घेऊन करावा.

आंबेडकरांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की वृत्तपत्र म्हणजे नागरिकाचेच दुसरे नाव. संपादकही नागरिक, व्यवस्थापकही नागरिक. ते लिहितात तेव्हा नागरिकाचा हक्क वापरतात. जो हक्क प्रत्येकाला आहे, त्याची छापखान्यासाठी वेगळी पाटी कशाला?

चार वृत्तपत्रे काढलेल्या माणसाने वृत्तपत्राला वेगळा हक्क नाकारावा, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. ज्याची जाहिरात पैसे देऊनही छापली गेली नाही, तो छापखान्याला मखरात बसवणार नाही. १९४३ च्या रानडे, गांधी आणि जिनांवरील व्याख्यानात त्यांनी भारतीय पत्रकारितेचा व्यवसाय जाऊन धंदा झाल्याची कडवट टीका केली होती. हक्क संस्थेला दिला तर तो संस्थेच्या मालकाकडे जातो. नागरिकाला दिला तर उद्या ज्याच्याकडे एक सायक्लोस्टाइल यंत्र असेल त्यालाही तो पुरतो. हा माझा अर्थ आहे, त्यांनी ही कारणमीमांसा सभागृहात केली नाही, आणि कलम काही त्यांनी एकट्याने लिहिले नाही. तरी त्यांच्या नकाराला हा भूतकाळ आहे, एवढे नक्की.

त्या दिवशी मुदखेड कुठे होते? हैदराबाद संस्थानात. पोलिस कारवाई संपून तीन महिनेही झाले नव्हते, कारभार लष्करी प्रशासक मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाती होता, आणि घटना समितीत हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसलेला नव्हता. त्याआधीच्या निजामी अमलात जाहीर सभेलाही गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकानुसार परवानगी लागे. आ. कृ. वाघमाऱ्यांनी सुरू केलेले ‘मराठवाडा’ हे पत्र बंदी आली की नाव बदलून निघे. २१-२२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला, भारतात विलीन व्हावे असे लिहिणे हा त्यांचा अपराध. मुदखेडच्या माणसाला बोलण्या-लिहिण्याचा हक्क फर्मानाच्या मेहेरबानीशिवाय मिळाला तो २६ जानेवारी १९५० ला, आणि मिळाला तो नागरिक म्हणून.

आंबेडकरांचा हा नियम सगळीकडे पुरतो का? नाही पुरत, आणि हे वर्गात सांगताना मी कचरत नाही. मे १९५० मध्ये ‘क्रॉस रोड्स’ आणि ‘ऑर्गनायझर’ या एकमेकांच्या टोकाला उभ्या असलेल्या दोन पत्रांनी सर्वोच्च न्यायालयात सरकारला हरवले. त्यावर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली, बंधनांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था आली, आणि संसदेत तिचे समर्थन करणारे कायदामंत्री आंबेडकरच होते. बंधने ‘वाजवी’ असावीत हा शब्द त्याच दुरुस्तीने घातला, ही जमेची बाजू. १९६१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’ने पानांवर आणि किमतीवर सरकारी बंधन घालणारा कायदा उलथवला. तिथे न्यायालयाला मान्य करावे लागले की नागरिकाचा हक्क खपापर्यंत, पानांच्या संख्येपर्यंत पोचतो. म्हणजे नुसत्या एकट्या नागरिकाच्या कल्पनेत न मावणारे बरेच काही वृत्तपत्रात असते. आणि बातमी देणाऱ्या माणसाचे नाव लपवण्याचा हक्क? तो प्रेस कौन्सिलपुढे आहे, १९७८ च्या कायद्याने. कोर्टात नाही. मुदखेडमध्ये ज्या माणसाने रेशनच्या पोत्यांचा आकडा सांगितला, त्याचे नाव न्यायाधीशाने विचारले तर वार्ताहराला कायद्याची ढाल नाही. ही उणीव खरी आहे आणि ती संसदेने भरायला हवी.

उलट बाजूही बघा. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध खास कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. चांगला कायदा. पण त्याला पत्रकार म्हणजे कोण याची व्याख्या करावी लागली, आणि व्याख्या नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीवर येऊन थांबली. मुदखेडच्या मुलाकडे नेमणुकीचा कागदच नाही. जिथे खास हक्क येतो तिथे दार येते, दाराशी ओळखपत्र तपासणारा येतो, आणि लॅमिनेशन सुटलेले कार्ड घेऊन उभा असलेला वार्ताहर बाहेर राहतो. १९४८ चा तो नकार त्याच्याच बाजूचा होता.

मग नोटिशीचे काय केले? आम्ही बातमी वाचायला घेतली. नव्या संहितेतले बदनामीचे कलम ३५६, म्हणजे दंडसंहितेतले जुने ४९९. पहिल्या अपवादात नुसते सत्य पुरत नाही, ते सांगणे लोकहिताचे असावे लागते. दिवाणी दाव्यात सत्य एवढाच बचाव पुरतो. बातमीत दुकानातल्या साठा-फलकाचा आकडा होता, फोटो होता, तारीख होती, दुकानदाराला विचारल्याची नोंद होती. एक विशेषण होते, ‘काळाबाजारी’. ते बातमीदाराने लिहिले नव्हते, मथळ्यात डेस्कने घातले होते. मी त्याला म्हणालो, बातमीच्या बाजूने उभा राहा, विशेषणाच्या नको. दैनिकाने मथळ्याबद्दल दोन ओळींचा खुलासा छापला, मजकूर कायम ठेवला. नोटिशीला वकिलामार्फत उत्तर गेले.

बदनामीच्या दिवाणी दाव्याला मुदत एक वर्षाची, फौजदारी फिर्यादीला तीन वर्षांची. पहिली उलटून गेली, फिर्यादही अजून झालेली नाही. नोटिशीचा कागद अजून त्याच्या फाइलीत आहे, साठा-फलकाच्या फोटोला टाचून.